लांब कीलची छोटी फायबरची शिडाची होडी: घेण्याआधी काय बघायचं, कसं बघायचं

होडी बघायला जाताना चार वस्तू बरोबर घ्या: चांगला टॉर्च, प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी, बोथट टोकाचा स्क्रूड्रायव्हर आणि जुन्या सुती बनियनचा फडका. नवखा माणूस बहुधा फक्त फोन घेऊन जातो. फोटो काढतो, आतल्या लाकडाचं पॉलिश बघून हरखतो आणि परतीच्या वाटेवर होडीचं नाव काय ठेवायचं याचा विचार करू लागतो. त्या आनंदात वाईट काहीच नाही. पण जुन्या होडीचं दुखणं डोळ्यांपेक्षा हाताला, कानाला आणि नाकाला आधी कळतं.

इथे बोलतोय ते फक्त २० ते ३० फुटांच्या, लांब कीलच्या, फायबरग्लासच्या होड्यांबद्दल. यातल्या बहुतेक १९६० ते १९८५च्या दरम्यान बांधल्या गेल्या. तेव्हा हा पदार्थ नवा होता, त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, म्हणून कारखान्यांनी सढळ हाताने जाड थर दिले. परिणामी त्यांचा सांगाडा आजही ठणठणीत सापडतो. खराब होतं ते त्याला भोक पाडून बसवलेलं सामान, आणि जिथे पाणी मुरून राहतं ती जागा. तपासणीचा सगळा वेळ तिथेच घालवायचा.

लांब कील म्हणजे काय

कील म्हणजे होडीच्या तळाचा कणा. त्यात शिसं किंवा ओतीव लोखंड भरलेलं असतं आणि त्या वजनामुळे वाऱ्याने कललेली होडी परत उभी राहते. आजच्या बहुतेक होड्यांना तळाखाली माशाच्या पंखासारखी अरुंद कील बोल्टांनी जोडलेली असते आणि सुकाणू मागे वेगळं, एकटं लटकतं. लांब कीलच्या होडीत असा सांधा सहसा नजरेला दिसत नाही. होडीचं अंगच खाली उतरत जाऊन कील होतं. ती नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, जरा मागून सुरू होते, तळाच्या बऱ्याच लांबीपर्यंत जाते, आणि तिच्या मागच्या कडेलाच सुकाणू बिजागरीवर टांगलेलं असतं. इंजिनाचा पंखा कील आणि सुकाणू यांच्यामधल्या खिडकीसारख्या जागेत फिरतो.

हा आकार लाकडी होड्यांकडून आला. त्यातली सगळ्यात महत्त्वाची नॉर्डिक फोकबोट. स्कँडिनेव्हियातल्या स्पर्धेत आलेल्या आराखड्यांतले चांगले गुण एकत्र करून टोर्ड सुंदेन यांनी १९४२मध्ये तिचे नकाशे काढले. लांबी ७.६८ मीटर, रुंदी २.२० मीटर, वजन सुमारे १९३० किलो, आणि त्यातलं जवळपास १००० किलो एकट्या कीलमध्ये. पुढच्या कितीतरी छोट्या फायबर होड्यांच्या अंगात या होडीचं रक्त आहे.

पायरी पहिली: हा स्वभाव तुम्हाला झेपेल का ते ठरवा

लांब कीलची होडी सरळ चालते. सुकाणूचा दांडा हातातून सोडला तर ती लगेच भरकटत नाही, काही काळ आपली वाट धरून राहते. एकट्याने किंवा दोघांनीच प्रवास करायचा असेल तर या एका गुणाची किंमत फार मोठी आहे, कारण चहा करायला, नकाशा बघायला, शीड कमी करायला हात मोकळे होतात. मासेमारीच्या जाळ्याचे दोर तिच्या तळावरून घसरून मागे जातात, सुकाणूत किंवा पंख्यात सहसा अडकत नाहीत. चुकून वाळूत रुतली तर सगळं वजन लांब कण्यावर पसरतं. आणि वारा फार वाढला की तिला थांबवून ठेवता येतं. याबद्दल शेवटी बोलूच.

आता दुसरी बाजू. पाण्याखाली अंग जास्त, म्हणजे पाण्याचं घर्षणही जास्त. मंद वाऱ्यात शेजारची नव्या धाटणीची होडी तुम्हाला मागे टाकून जाईल. वळायला हिला जागा आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. शीड जास्त ठेवलं तर सुकाणूचा दांडा जड होतो आणि नाळ वाऱ्याकडे वळायला बघते. त्यावर उपाय एकच, शीड लवकर कमी करणं.

सगळ्यात जास्त घाम फुटतो तो बंदरात होडी मागे घेताना. बहुतेक पंखे होडी पुढे जाताना उजवीकडे फिरणारे असतात. इंजिन उलट टाकलं की असा पंखा होडीचा पार्श्वभाग डावीकडे ओढतो, आणि कीलला चिकटलेल्या सुकाणूला मागे जाताना पाण्यात पकडच मिळत नाही. तुम्ही दांडा कुठेही धरा, होडी तिला जायचं तिकडेच जाते. यावर मात करता येते. ज्या बाजूला पार्श्वभाग ओढला जातो ती बाजू धक्क्याला लागेल अशा बेताने जागेत शिरायचं, निघताना दोराने फिरवून घ्यायचं. पण तुमची रोजची जागा अरुंद गल्लीच्या टोकाला असेल आणि दर वेळी उलटंच निघावं लागत असेल, तर हा त्रास दर सुट्टीला होणार. तो चालणार नसेल तर लांब कील घेऊ नका. मला या होड्या मनापासून आवडतात, तरी हे आधी सांगणं मला गरजेचं वाटतं.

पायरी दुसरी: चार आकडे घरी बसून काढा

जाहिरातीतल्या लांबीवर जाऊ नका. पाण्याला टेकलेली लांबी किती ते विचारा. या होड्यांची दोन्ही टोकं पाण्याबाहेर लांबवर झुकलेली असतात, त्यामुळे २५ फुटांची होडी पाण्यात जेमतेम २० फूट भरते. या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ काढून १.३४ने गुणलं की होडीचा व्यावहारिक कमाल वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला सागरी मैलांमध्ये, मिळतो. फोकबोटची पाण्यातली लांबी ६ मीटर, म्हणजे १९.७ फूट. उत्तर येतं सुमारे ५.९ नॉट. प्रत्यक्षात दिवसभराची सरासरी याहून बरीच कमी पडते. प्रवासाची स्वप्नं या हिशेबाने आखा.

दुसरा आकडा कीलमधल्या वजनाचं एकूण वजनाशी प्रमाण. फोकबोटमध्ये ते ५० टक्क्यांच्या वर आहे. ४० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त असेल तर या जातीच्या होडीसाठी चांगलं.

तिसरा आकडा उलटण्याच्या धोक्याचा. १९७९च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचे प्राण घेतले. त्यानंतर झालेल्या अभ्यासातून अमेरिकेत एक सोपं सूत्र पुढे आलं. वजन पौंडांत घ्या, ६४ने भागा, त्याचं घनमूळ काढा, आणि होडीच्या फुटांतल्या रुंदीला त्याने भागा. उत्तर २पेक्षा कमी हवं. काँटेसा २६चं उदाहरण घेऊ. वजन ५४०० पौंड, ६४ने भागल्यावर ८४च्या थोडं वर, घनमूळ साधारण ४.४, रुंदी साडेसात फूट. उत्तर १.७. अरुंद, जड होड्या या परीक्षेत सहज पास होतात. हे सूत्र ढोबळ आहे, कीलमधलं वजन किती खाली आहे हे त्याला कळत नाही. म्हणून ते चाळणीसारखं वापरा, निकालपत्रासारखं नाही.

चौथा आकडा तुमच्या स्वतःच्या सामानाचा. पाणी, इंधन, नांगर, साखळी, खाणंपिणं, कपडे आणि दोन माणसं मिळून ४०० किलो सहज होतात. दोन टनांच्या होडीवर हा वीस टक्क्यांचा बोजा आहे. छोटी होडी सामानाने बसते, मंद होते, आणि कॉकपिटमधलं, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेतलं, पाणी बाहेर काढणारी भोकं पाण्याच्या पातळीजवळ येतात.

पायरी तिसरी: नावं माहीत करून घ्या, पण नावाला पैसे देऊ नका

फोकबोटच्या घराण्यातल्या दोन फायबर होड्या सगळ्यात जास्त भेटतील. टोर्ड सुंदेन यांनीच आखलेली आयएफ, म्हणजे इंटरनॅशनल फोकबोट, स्वीडनमध्ये तीन हजारांहून जास्त बांधली गेली. दुसरी डेव्हिड सॅडलर यांची काँटेसा २६, इंग्लंडमध्ये आणि नंतर कॅनडातही बांधलेली. कॅनडात बांधलेल्या अशाच २६ फुटी होडीतून टानिया एबी १९८५मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी न्यूयॉर्कहून निघाली आणि १९८७मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. दोन्ही होड्या चालायला अप्रतिम, राहायला अरुंद आणि बुटक्या.

पेर ब्रोहॉल यांची आल्बिन वेगा थोडी वेगळी. लांबी ८.२५ मीटर, कील इतरांपेक्षा आखूड, पण सुकाणू तिच्याच कडेला जोडलेलं. आत जागा बरीच, अंग हलकं. मॅट रदरफोर्डने २०११-१२मध्ये अशा एका वेगामधून एकट्याने, कुठेही न थांबता, उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला पूर्ण वळसा घातला. त्याला ३०९ दिवस लागले. अमेरिकेत कार्ल आल्बर्ग हे नाव ऐकू येईल. त्यांची २८ फुटी पिअरसन ट्रायटन १९५९च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये आली आणि मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या पहिल्या फायबर होड्यांमध्ये तिची गणना होते. त्यांचीच आल्बर्ग ३० कॅनडात बांधली गेली. त्याहून लहान हवी असेल तर ब्रूस बिंगहॅम यांची फ्लिका आहे, जेमतेम २० फुटांची पण वजन अडीच टनांच्या घरात.

हा आकार कालबाह्य झाला असं कुणी म्हणालं तर एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीचे नियम सांगा. ३२ ते ३६ फूट, १९८८पूर्वीचा आराखडा, लांब कील आणि तिच्या मागच्या कडेला जोडलेलं सुकाणू, अशाच होड्यांना तिथे प्रवेश मिळतो. २०२२ला सुरू झालेली फेरी कर्स्टन नॉयशेफरने जिंकली आणि अभिलाष टॉमी दुसरे आले. दोघांच्याही होड्या ३६ फुटी, म्हणजे आपल्या विषयाहून मोठ्या, पण घडण तीच.

आता एक गोष्ट ठासून सांगतो. एकाच साच्यातून निघालेल्या दोन होड्यांमध्ये चाळीस वर्षांनी जितका फरक पडतो, तितका दोन वेगळ्या आराखड्यांमध्येही नसतो. प्रसिद्ध नावाची दुर्लक्षित होडी घेण्यापेक्षा अनोळखी नावाची, एकाच मालकाने निगुतीने सांभाळलेली होडी घ्या.

पायरी चौथी: होडी पाण्याबाहेर असताना तपासा

पाण्यात तरंगणारी होडी बघून निर्णय घेऊ नका. ती उचलून जमिनीवर ठेवलेली हवी, आणि शक्य असेल तर काही दिवस झालेले हवेत.

आधी लांब उभं राहून अंगावरून तिरकी नजर टाका. कुठे लाट, खड्डा, रंगाची वेगळी छटा दिसते का? तिथे जुनी दुरुस्ती असणार. दुरुस्ती असणं हा दोष नाही, ती मालकाने लपवणं हा दोष आहे.

मग तळावरचे फोड शोधा. याला ऑस्मॉसिस म्हणतात आणि नवख्यांच्या मनात याचीच सगळ्यात जास्त भीती असते. पाणी वरच्या चकचकीत थरातून हळूहळू आत झिरपतं, पॉलिएस्टर रेझिनमधले अर्धवट राहिलेले घटक त्यात विरघळतात, आंबट द्रव तयार होतो आणि त्याच्या दाबाने फोड येतो. फोड फोडला तर चिकट पाणी बाहेर येतं आणि व्हिनेगरसारखा वास सुटतो. तुरळक, बारीक फोड असतील तर घाबरू नका, या होड्यांचे थर जाड आहेत. तळभर दाट फोड असतील तर वरचा थर सोलून, धुऊन, महिनोन् महिने वाळवून वर इपॉक्सी चढवावं लागतं. ते काम महाग आहे आणि एक हंगाम खातं, म्हणून किंमत त्या हिशेबाने ठरवा. ओलावा मोजणारं यंत्र कुणी आणलं तर होडी पाण्यातून कधी काढली ते आधी विचारा. कालच काढलेल्या होडीवर आकडा चढाच येणार.

कीलकडे वेळ द्या. यातल्या बऱ्याच होड्यांमध्ये वजन फायबरच्या आतच बंद केलेलं असतं. कीलचे बोल्ट गंजायची चिंता त्यात राहत नाही, पण आत काय चाललंय तेही दिसत नाही. हातोडीने कीलच्या तळाकडच्या कडेवरून टकटक करत जा. भरीव आवाज अचानक पोकळ झाला तर वजन आणि फायबर यांच्यामध्ये पोकळी आहे. कीलच्या तळाची कडा जमिनीवर टेकून टेकून झिजते, तिथे धागे उघडे पडले असतील तर पाणी आत शिरतं. आत शिसं असेल तर नुकसान कमी. लोखंड असेल तर ते गंजून फुगतं आणि फायबरला आतून फाडतं. सगळी होडी वाळलेली असताना एखाद्या भेगेतून तांबूस पाणी पाझरत असेल तर विकणाऱ्याला त्याचं कारण विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर निघा.

सुकाणू खालच्या टोकाला दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. किंचित खुळखुळ चालते, सैल दातासारखं हललं तर खालची बिजागरी झिजली आहे. तिचा तळाचा आधार बहुधा काशाचा असतो आणि बोल्टांनी कीलला जोडलेला असतो, ते बोल्ट बघा. होडी आठवडाभर जमिनीवर असूनही सुकाणूतून थेंब पडत असतील तर ते आतून पाण्याने भरलंय. पंख्याचा धातू सोनेरीऐवजी गुलाबी दिसत असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय, असा पंखा ठिसूळ असतो. हीच परीक्षा तळातल्या पाण्याच्या नळांना लावा. स्क्रूड्रायव्हरने हलकासा ओरखडा काढला की आतला रंग दिसतो. नळ हाताने उघडबंद होतो का तेही बघा. गच्च बसलेला नळ असला काय आणि नसला काय, सारखंच.

डेक

इथे मी तुम्हाला थांबवणार आहे, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच बुडतात.

डेक भरीव फायबरचं नसतं. वजन वाचवण्यासाठी फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड भरलेलं असतं. जोवर ते कोरडं आहे तोवर रचना मजबूत. पण डेकवर कठड्याचे खांब, दोर बांधायचे खुंट, खिडक्या, हवा खेळती ठेवणारी झाकणं, सगळं स्क्रू आणि बोल्टांनी बसवलेलं असतं. त्याखालचं सीलिंग काही वर्षांत कडक होतं, तडकतं, आणि पावसाचं पाणी थेंबथेंब त्या लाकडात उतरतं. वरून काहीच दिसत नाही. आत लाकडाचा लगदा झालेला असतो.

एकदा मी अशीच एक होडी बघत होतो. डेकवर नवा कोरा रंग होता, पायाला खरखरीत लागणारा, बघून छान वाटावं असा. मी गुडघ्यांवर बसून नाळेपासून हातोडी वाजवत मागे सरकू लागलो. टक्, टक्, टक्, स्वच्छ आवाज. कठड्याच्या दुसऱ्या खांबापाशी तो बदलला. थप्. मग एक वीत पुढे परत थप्. खडूने खुणा करत गेलो तेव्हा डाव्या बाजूला हातभर रुंद आणि पुरुषभर लांब पट्टा तयार झाला. मालकाच्या परवानगीने खांबाचा एक स्क्रू काढला. भोकातून आधी काही आलं नाही. शेजारी टाच दाबली, आणि कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी भोकातून वर येऊन नव्या रंगावरून ओघळलं. मालकालाही ते माहीत नव्हतं असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. त्यानेही ती रंगवलेलीच घेतली होती.

म्हणून डेकचा प्रत्येक वीतभर भाग वाजवा. अनवाणी चाला, टाचेवर वजन द्या, कुठे दबल्यासारखं लागतंय का बघा. खांबांच्या बुडाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील तर तिथे कधीतरी जोर आलाय, त्या जागी दोनदा वाजवा. तळहाताएवढा भाग कुजला असेल तर छिद्रं पाडून, वाळवून, इपॉक्सी भरता येते. पट्टाच्या पट्टा गेला असेल तर वरचा थर कापून लाकूड बदलावं लागतं. हे काम घरच्या घरी करणारे लोक आहेत आणि ते उत्तम करतात, पण पहिल्या होडीसाठी मी ते कुणाला सुचवणार नाही.

डोलकाठी, तारा आणि त्यांचे पट्टे

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा डेकमधून खाली जाणाऱ्या स्टीलच्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात आणि ते पट्टे आतल्या लाकडी भिंतींना बोल्ट केलेले असतात. स्टेनलेस स्टील हवेत चकाकत राहतं, पण डेकच्या जाडीत, ओल्या सीलिंगमध्ये, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे ते आतून खात जातं. वर आणि खाली लखलखीत, मधल्या दोन सेंटिमीटरांत अर्धं शिल्लक. म्हणून केबिनमध्ये जाऊन प्रत्येक पट्ट्याखाली टॉर्च मारा. लाकडावर काळसर ओघळ दिसला की स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबा. टोक आत रुतलं तर पट्टा आणि भिंत दोन्हींचं काम निघालं.

तारांवरून फडका फिरवा. धागा अडकला तर तारेचा एक पदर तुटलेला आहे. तारा कधी बदलल्या ते विचारा. दहा-पंधरा वर्षं हा साधारण हिशेब, आणि तारीख सांगता येत नसेल तर त्या जुन्याच समजा.

डोलकाठी डेकवर उभी असेल तर तिच्या बुडाशी डेक खचलंय का ते सरळ पट्टी ठेवून बघा. आत तिच्याखालचा आधार वाकला असेल तर जवळचं दार चौकटीत घासतं. आल्बिन वेगा होडीत हा आधार दबण्याची तक्रार जुनी आणि सर्वांना माहीत असलेली आहे, त्यावरचे उपायही ठरलेले आहेत, तेव्हा घाबरून जाऊ नका, फक्त किमतीत धरा.

शिडांचं थोडक्यात: हातात घेतल्यावर कागदासारखं करकरलं तर अजून जीव आहे, जुन्या चादरीसारखं लोळलं तर गेलंय. शिलाईचा दोरा नखाने ओढून बघा, उन्हाने आधी दोराच मरतो.

पायरी पाचवी: आत

झाकण उघडल्यावर पहिला श्वास लक्ष देऊन घ्या. डिझेलचा वास चालतो. बुरशीचा, ओल्या गोणपाटाचा वास म्हणजे पाणी वरून येतंय. लांब कीलच्या होडीचा एक मोठा फायदा म्हणजे खोल बिल्ज, म्हणजे फळ्यांखालची तळाची पोकळी. आत आलेलं पाणी खाली कीलच्या पोटात जमतं, गाद्यांखाली हिंदकळत नाही. फळी उचलून बघा. पाणी असेल आणि त्यावर तेलाची साय नसेल तर बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावा. गोडं असेल तर पाऊस, म्हणजे डेक किंवा खिडक्या. खारं असेल तर पंख्याच्या दांड्याची सील, नळ किंवा तळ. शोध कुठून सुरू करायचा ते तिथल्या तिथे कळतं.

मग झोपा, खरोखर. पाय पूर्ण लांब होतात का, खांदे मावतात का ते बघा. यातल्या बऱ्याच होड्यांमध्ये मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येत नाही. आठवड्याच्या सुट्टीत ते खपतं, महिनाभर राहणार असाल तर पाठीला विचारून ठरवा.

इंजिन सुरू करण्याआधी त्यावर हात ठेवा. गरम असेल तर कुणीतरी तुमच्या आधी ते चालवून तयार केलंय. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात लागलं पाहिजे आणि मागून थंडाव्याचं पाणी लगेच उडालं पाहिजे. तेलाची पट्टी काढल्यावर तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. टनामागे ३ ते ४ अश्वशक्ती पुरेशी. काही होड्यांमध्ये आत इंजिनच नसतं, मागच्या बाजूला किंवा खास विहिरीत आउटबोर्ड, म्हणजे काढता-घालता येणारं इंजिन, असतं. ते हलकं, स्वस्त आणि काढून दुरुस्तीला नेता येतं, पण मागे टांगलेलं असेल तर लाटांमध्ये त्याचा पंखा हवेत फिरतो. शांत पाण्यातल्या फेऱ्यांसाठी मला आउटबोर्ड आवडतं, मोकळ्या समुद्रासाठी नाही.

पायरी सहावी: सर्व्हेअर आणि हिशेब

वर सांगितलेलं सगळं करूनही होडी आवडली, तर आता स्वतंत्र सर्व्हेअर, म्हणजे होड्या तपासणारा तज्ज्ञ, लावा. तो तुम्ही निवडलेला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. तो काम करत असताना शक्य तर बाजूला हजर राहा आणि परवानगी घेऊन प्रश्न विचारा. त्या एका दिवसात वर्षभराचं शिक्षण होतं. विमा कंपन्याही जुन्या होडीसाठी बहुधा हा अहवाल मागतात. मालकीची कागदपत्रं, आधीच्या विक्रीच्या पावत्या, होडीवर कर्ज नाही याचा पुरावा, आणि होडीवरचा क्रमांक कागदाशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी.

हिशेब करताना तारा, शिडं आणि इंजिन या तीन गोष्टींचा नव्याचा भाव काढून एका कागदावर मांडा. तिन्ही बदलायची वेळ आली तर तो आकडा होडीच्या किमतीच्या पुढे सहज जातो. म्हणूनच ‘थोडं काम आहे’ असं सांगून स्वस्तात मिळणारी होडी बहुतेक वेळा महागात पडते, आणि आधीच्या मालकाने नुकताच खर्च केलेली होडी जास्त किमतीतही स्वस्त असते.

पायरी सातवी: पाण्यात

चाचणीसाठी बरा वारा असलेला दिवस मागा. होडी वीस अंशांच्या आसपास कलू द्या, शिडं नीट लावा आणि दांडा सोडा. मनात आकडे मोजा. चांगली जुळलेली लांब कीलची होडी तीसपर्यंत सहज आपल्या वाटेवर राहते, मग हळूच नाळ वाऱ्याकडे नेते. लगेच गर्रकन वळली तर आधी शिडांची मांडणी तपासा, होडीला दोष देण्याची घाई नको.

मग तिला थांबवून बघा, म्हणजे हीव्ह-टू करा. पुढच्या शिडाचा दोर न सोडता होडी वाऱ्यातून फिरवायची, त्यामुळे ते शीड उलट्या बाजूने फुगतं. मोठं शीड जागेवर ठेवायचं, आणि वेग मरला की दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधून टाकायचा. पुढचं शीड नाळ वाऱ्यापासून दूर ढकलतं, सुकाणू तिला परत वाऱ्याकडे आणतं, आणि दोघांच्या ओढाताणीत होडी नॉटभर वेगाने आडवी सरकत शांत पडून राहते. क्षणापूर्वी डेकवर तुषार उडत होते, आता बोलणं ऐकू येतं.

चाचणीचा शेवटचा भाग इथेच उरकायचा. होडी परत कलती चालू ठेवून विकणाऱ्याच्या हाती दांडा द्या आणि तुम्ही टॉर्च घेऊन आत जा. ज्या बाजूला होडी कललीय तिकडची कपाटं, गाद्यांखालचे कप्पे, डेक आणि अंग यांचा सांधा, आणि स्टीलच्या प्रत्येक पट्ट्याखालचं लाकूड, सगळीकडे प्रकाश टाका आणि हात फिरवा. जमिनीवर महिनाभर वाळलेली गळती अशा वेळी दहा मिनिटांत ओली होते. हात कोरडा बाहेर आला तर वर या, होडी वळवायला सांगा, आणि दुसऱ्या बाजूची कपाटं उघडा.